पेन्सिल खाली ठेवायची वेळ

आमच्या कनेक्टिकटच्या या गावात सुखवस्तू घरांतल्या मुलांचं लक्ष अकरावीपर्यंत उत्तम लागतं. कॉलेज प्रवेशाची परीक्षा जवळ आली की ते लागेनासं होतं. मग डॉक्टरचं पत्र येतं आणि दीडपट वेळ मिळतो. या दीडपटवाल्यांच्या खोलीवर मी नऊ वर्षं पर्यवेक्षक आहे. मला एक खोड आहे. कोणी किती मिनिटांनी पेन्सिल खाली ठेवली, ते मी वहीत टिपते. कोणी सांगितलेलं नाही.

त्या शनिवारी अठरा मुलं होती. पहिला पेपर गणिताचा, इतरांना एक तास, आमच्याकडे दीड. बारा जणांनी तासाच्या आतच पेन्सिल ठेवली. पण नियम असा, की वेळ संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. मग खुर्च्या कुरकुरतात, बोटं टेबलावर ठेका धरतात. मी दटावलं तर तो आणखी एक आवाज.

तिसऱ्या रांगेत कोरीन कोवाल होती. वडील शाळेची बस चालवतात. तिला अक्षरं जागेवर सापडत नाहीत. ओळीखाली बोट धरून वाचते. जास्तीच्या वेळेसाठीचा तिचा अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. नर्सिंगच्या कॉलेजात फी माफ व्हायची तर वाचनाच्या पेपरात ठरलेले गुण हवेत, आणि ही शेवटची संधी. तो पेपर मधल्या सुट्टीनंतर होता.

सुट्टीत तिच्या मागचा ग्रेसन व्हिटलॉक तिच्याजवळ आला. त्याची पेन्सिल एक्केचाळीस मिनिटांत खाली.

"किती राहिलं तुझं?"

"सहा गणितं. तू मागे टकटक करतोस ना, माझी ओळ हरवते. मग पुन्हा पहिल्यापासून."

"मग काय करू? बाहेर सोडत नाहीत."

"एवढा वेळ मागितलास कशाला?"

"मी कुठे मागितला. आईने मागितला. डॉक्टरीण तिच्याबरोबर टेनिस खेळते. डॉक्टरणीने मला विचारलं, परीक्षेची काळजी वाटते का? मी म्हटलं, वाटते. झालं."

"मलाही वाटते," कोरीन म्हणाली. "त्याचं पत्र नाही मिळालं मला."

तो हसला. मग त्याचे कान लाल झाले. मी कॉफी ओतत होते, म्हणजे ऐकत होते.

वाचनाचा पेपर सुरू झाला, हाही आमच्याकडे दीड तासाचा. सत्तेचाळीस मिनिटांनी ग्रेसनने उत्तरपत्रिकेवरचा शेवटचा गोल काळा केला. मी पेन उचललं. पण त्याने पेन्सिल ठेवली नाही. समोर कोरीनचं बोट सरकत होतं, तिकडे बघितलं आणि पहिलं पान उघडून बसला. शेजारचा बेनेट आळस देत पेन्सिल टाकणार, तेवढ्यात याने खाली तळहात धरला. पेन्सिल त्यात पडली. बेनेटने भुवया उंचावल्या, ग्रेसनने पुढे बोट दाखवलं. मग ती रांगच गप्प झाली. नऊ वर्षांत त्या खोलीत घड्याळ मी पहिल्यांदा ऐकलं.

एक मिनिट उरलं असताना कोरीनने शेवटचा गोल भरला आणि बोट झटकलं.

जाताना ग्रेसन माझ्या टेबलाशी थांबला. "मॅडम, जास्तीचा वेळ नको, असा फॉर्म असतो का?"

"अजून कोणी मागितला नाही," मी म्हटलं. "विचारून सांगते."

वहीत त्याच्या नावापुढे मी दीड तास लिहिला. त्याचा पेपर सत्तेचाळीस मिनिटांतच झाला होता, त्या हिशेबाने तो आकडा खोटा आहे. खोडलेला नाही.