आबांचा खुराक

आमच्या घरात एखादी गोष्ट सरळ झाली तर मी भैरवनाथाला नारळ फोडीन. पोरीला कसला तरी क्लास लावावा, वेळ आली तर दोन हात करता यावेत, एवढंच माझं म्हणणं होतं. शितल नववीत गेली. शाळा तळेगाव ढमढेऱ्यात आन् आमची वस्ती मळ्यात, मधला रस्ता सगळा उसातून. तिथं मोटारसायकली आडव्या लावून बसणारी टोळकी मला काय नवीन न्हाईत. म्हटलं, शिकू दे काहीतरी. तर त्यावर घरात अशी सभा भरली की ग्रामसभेतसुद्धा एवढी माणसं बोलत नसतील.

आमचे हे कंपनीत कामाला. ह्यांचं म्हणणं, कराटे. का, तर ह्यांच्या सुपरवायझरची पोरगी कराटे शिकते आन् दर चार महिन्यांनी नव्या रंगाचा पट्टा बांधून फोटो टाकते. थोरला सत्यजीत म्हणाला बॉक्सिंग, कारण मोबाईलवर दिवसभर तेच बघतो. आन् आबा, म्हणजे माझे सासरे. हौसराव पैलवान. उमेदीत ह्यांनी तीन तालुक्यांच्या जत्रा गाजवल्या, असं ते स्वतःच सांगतात.

"ह्ये कराटे-बिराटे म्हंजी हवेत हात मारायचं काम," आबा म्हणाले. "शिकायची तर कुस्ती. बाकी समदी थेरं."

"मग घाला तिला तालमीत."

"पोरीला? तालमीत? डोकं फिरलं का तुजं, अनिता?"

म्हणजे कुस्तीशिवाय शिकण्यासारखं काही न्हाई आन् कुस्ती पोरीनं करायची न्हाई. झाला निकाल! आता गावोगावच्या जत्रेत पोरींच्या कुस्त्या लागतात. आबा पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारतात, टाळ्या वाजवतात. पण त्या दुसऱ्यांच्या पोरी.

हा घोळ दोन महिने चालला. तोवर शितलनं कुणाला न विचारता शाळेत ज्युडोला नाव घातलं. खेळाचे नवीन सर आले होते, नागसेन सर. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेले. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये गाद्या अंथरून पाच-सहा पोरी जमवल्या होत्या. घरी कळलं तेव्हा आबांनी ताट सरकवलं. मी पण मागं हटले न्हाई. तू-तू मैं-मैं होता होता आबा म्हणाले, "एक वरीस देतो. जिल्ह्याला बक्षीस आनलं तर फुडचं बघू. न्हाई तर बास. धाव्वी झाली की घरी."

'घरी' म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. मी बारावीचा निकाल लागल्यावर अशीच 'घरी' बसले आन् दिवाळीच्या आत ह्या घरात आले. शितलला पण ते कळत होतं. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "मम्मी, मी काय पण करून जिल्हा मारते. मला ज्युडो सोडायचं न्हाई." पोरगी अशी ठाम बोलली.

पुढं आबा एकदा सहज म्हणून शाळेत बघायला गेले. दारात उभं राहून बघितलं आन् घरी येऊन ओरडले, "आरं, ही तर कापडं घालून केलेली कुस्ती!" तिथून माझ्या डोक्याला खरा ताप सुरू झाला. पहाटे पाचला पोरीला उठवायचं. जोर काढ, बैठका मार. मग अंगणात पोतं अंथरून डाव शिकवायचे. आठ दिवसांत सरांचा फोन आला, "ताई, आबांना जरा सांगा. ज्युडोत समोरच्याचा पाय धरला की बाद करतात. ही आता सारखी पायालाच हात घालते." मी आबांना सांगितलं, तर म्हणाले, "पाय धरायचा न्हाई? मग काय मानूस इनंत्या करून पाडायचा?" घ्या! ह्यावर काय बोलायचं?

पण खरी गोम पुढंच होती. आमच्या गोठ्यात दुभती म्हैस कायम असते. सकाळचं दूध डेअरीला जातं, त्यातलं तांब्याभर बाजूला काढायचं ते सत्यजीतला. 'पैलवान करायचाय त्याला,' हे तो रांगत होता तेव्हापासून मी ऐकतेय. शितलला चहा. तिच्या वाटच्या दुधावरून मी ह्या घरात किती भांडले असेन, त्याला मोजदाद न्हाई. गुपचूप तिच्या पेल्यात ओतलं तर आबा तांब्यात डोकावून विचारायचे, आज कमी कसं? बरं, एवढं पिऊन तो पैलवान तालमीत गेला आन् खांदा दुखतो म्हणून पंधरा दिवसांत माघारी आला. तरी दूध चालूच!

आन् एक दिवस सकाळी आबांनी हाक मारली, "शितल, हिकडं ये." बदाम वाटून दुधात घातलेले, वर तुपाची धार. पेला तिच्या हातात दिला आन् ती पिईस्तोवर समोर उभे राहिले. सत्यजीत बघतच राहिला. मला तर इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी आबांना न मागता दुसरा चहा दिला.

हे बरं वाटणं महिनाभर टिकलं. मग सरांनी मला शाळेत बोलावून शितलसमोरच समजावलं. ज्युडोत वजनाचे गट असतात. शितल चव्वेचाळीस किलोच्या गटात. स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन करतात, त्यात थोडं जरी जास्त भरलं तरी त्या गटातून बाद. "तिचं वजन वाढत चाललंय, ताई. स्पर्धा होईपर्यंत दूध-तूप थांबवा."

मी आबांपुढं हात जोडले. आबा खो-खो हसले.

"वजन वाढलं म्हनून बाद? आमच्या टायमाला वजन वाढलं की लोक पाठीवर थाप मारायचे!"

"आबा, तुमचा टाईम गेला. पोरीचं वर्ष वाया जाईल. खुराक बंद म्हणजे बंद."

"बरं बाई, बंद. गळ्याची आन," आबा म्हणाले. मी पण किती येडी, त्या गळ्यावर विश्वास ठेवला.

जिल्ह्याच्या स्पर्धा दौंडला होत्या. ह्यांची शिफ्ट होती, म्हणून शितलला घेऊन मी आन् आबा निघालो. आबांनी फेटा बांधला होता, नातीचं लग्न असल्यासारखा. एसटीत चौफुल्यापर्यंत शेजारच्या माणसाला जत्रेतल्या कुस्त्या ऐकवल्या, तो उतरून गेला तर मागच्याला धरलं. शितल खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती. मला वाटलं, भीती वाटत असंल पोरीला.

हॉलमध्ये पोरींची वजनं चालू होती. शितल आत गेली आन् सर बाहेर आले, ते चेहरा पाडूनच.

"सहाशे ग्रॅम जास्त आहे, ताई. अजून तासभर वेळ आहे. पळवावं लागेल. घाम निघाला तरच काहीतरी होईल."

मी गर्रकन आबांकडं वळले. आबा वर पत्र्याकडं बघत होते.

"आबा! काय घातलंत तिला खायला?"

"काय न्हाई. गोठ्यात जरा... धार काढताना..."

"जरा म्हणजे किती?"

"तांब्या," आबा म्हणाले. "पर बदाम न्हाईत घातलं हां, तुजी शपथ!"

माझी शपथ! त्या क्षणी मी काय काय बोलले ते आता आठवत न्हाई. बायामाणसं वळून बघत होती, बघू देत. पोरीचं वर्ष चाललं होतं हातचं, दहावीनंतरचं सगळं चाललं होतं, आन् ह्या माणसाला शपथेतले बदाम सुचत होते! मी बोलतेय तोवर आबा वजनकाट्यावरच्या साहेबापुढं जाऊन उभे. "साहेब, सहाशे ग्रॅम काय वजन हाय व्हय? तेवढी तर कोथमिरीची जुडी भरती. खेळू द्या की पोरीला." साहेब म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा." आबा बाजूला होईनात. शेवटी सरांनी हाताला धरून आणलं.

शितलला सरांचं जाकीट घातलं, त्यावर माझा स्वेटर, आन् मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. भर उन्हात. मी कडेनं पळत होते, साडी वर खोचून. "थुंक, शितल, थुंकत राहा, सर म्हणालेत तेवढंच कमी होतं!" पोरगी लालबुंद झाली. पुन्हा वजन केलं. अजून तीनशे जास्त.

"वेळ आहे," सर म्हणाले. "आणखी पळ. होईल."

शितल चार पावलं पळाली आन् थांबली. हॉलच्या पायरीवर बसली. अंगातला स्वेटर काढला, जाकीट काढलं, घडी करून शेजारी ठेवलं.

"उठ गं बाई," मी म्हटलं, "वेळ चाललाय."

"मी न्हाई पळणार."

"शितल!" माझा तोल गेला. "आबांना काय कळत न्हाई, मान्य. तुला तर कळत होतं ना? सरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. मग तोंड उघडून न्हाई म्हणता येत नव्हतं?"

"कळत होतं की. शाळेतल्या काट्यावर रोज उभी राहत होते मी." ती माझ्याकडं बघतच नव्हती. "आबा पहाटे गोठ्यातनं हाक मारायचे. सत्याला न्हाई, मला. मी का न्हाई म्हणू, मम्मी? आत्ता कुठं मिळायला लागलंय."

तिला परत घालायला मी स्वेटर उचलला होता, तो खाली ठेवला.

"आन् ते आता मी थुंकून टाकणार न्हाई," शितल म्हणाली. मग उठून सरांसमोर गेली. "सर, मला वरच्या गटात घाला. अठ्ठेचाळीसच्या."

सर गोंधळले. त्या गटात आमच्या शाळेची कुणी पोरगी नव्हती, जागा मोकळी होती, साहेबांना विचारून बदल करता येत होता. "पण अगं, समोर पूर्ण अठ्ठेचाळीसच्या येतील. तीन-तीन वर्षं खेळलेल्या. तू कशी टिकशील?"

"येऊ द्या," शितल म्हणाली.

आबा मागंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एरवी ज्या माणसाला तोंड मिटायला सांगायला लागतं, तो माणूस फेटा काढून हातात धरून उभा होता.

सरांनी नाव बदलून घेतलं. पहिलीच लढत यवतच्या तेजश्रीशी पडली. ती शितलहून टीचभर उंच, मनगटं ही एवढी. शितलनं कॉलर धरली, सोडली न्हाई. एकदा तर तिला कमरेवर घेतलंच होतं, मी जागेवरून उभी राहून ओरडले. पण ती पोरगी पाय रोवून निसटली आन् पुढच्याच झटक्याला शितल पाठीवर आपटली. धप्प आवाज झाला. पंचानं हात वर केला. खेळ संपला. अजून नीट श्वास पण घेतला नव्हता आम्ही.

शितल उठली, वाकून नमस्कार केला, गादीवरून उतरली. रडली न्हाई. पलीकडं जाऊन पाणी पीत बसली. मी मात्र बघत होते आबांकडं. एक वर्ष दिलं होतं त्यांनी, ते आज संपलं. आता बोलतील, मग बोलतील. मी पण मनात तयारीला लागले होते. बोलू तर द्या, म्हटलं, आज मी ऐकून घेत न्हाई.

शेवटी आबा म्हणाले, "अनिता, हिला दूध कवापासनं दिलं न्हाई गं आपण?"

"आपण न्हाई, आबा," मी म्हटलं. आवाज चढला माझा, चढू दे. "तुम्ही."

सासऱ्यांना असं तोंडावर मी कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता इथंच तमाशा होणार. आबांनी मान हलवली.

"व्हय. मी." मग म्हणाले, "किती वर्सं झाली आसतील?"

"तिचं वय आहे तेवढी. चौदा."

"चौदा," आबा म्हणाले. "मग एका वर्सात कसं भागंल तिचं?"

एवढं बोलून ते तसेच, फेटा काखेत मारून, सरांकडं निघाले, पुढच्या स्पर्धा कवा असतात ते विचारायला. मी तिथं बसूनच राहिले. इतकी वर्षं मी ह्या माणसापुढं घसा फोडत होते, तेव्हा कुठं गेले होते ह्यांचे कान? राग असा आला होता की काहीतरी फेकून मारावं, आन् डोळ्यांचं पाणी काही केल्या थांबेना. शितल पाण्याची बाटली टाकून धावत आली आन् माझा हात धरून हलवायला लागली, "मम्मी, काय म्हणाले आबा? सांग ना, बंद का ज्युडो?" मी नुसती मान हलवत राहिले, न्हाई, न्हाई म्हणून.