चौकीची ओटी

नवी पोलीस चौकी उघडली तेव्हा ती बांधणारा यज्ञेश्वर ओव्हरशियर, येईल त्याला हाताला धरून ओटीवर बसवत होता. "बसा हो, आपलंच घर समजा!"

जुनी चौकी एका भाड्याच्या अंधाऱ्या घरात होती. तिच्यासमोरून जायला माणसं भ्यायची, आणि तिथल्याच मागल्या दारानं एक चोर पळाला होता. यज्ञेश्वरनं दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. नव्या चौकीला जांभ्याच्या जाड भिंती, आतबाहेर करायला एकच दार, तेही पुढे. मागे सगळी सलग भिंत. पण पुढची ओटी लांबरुंद, पायऱ्या बुटक्या, बसायला बाक, प्यायला माठातलं पाणी. ओटीवरच हवालदाराचं टेबल. कुठे पडदा नाही की आडोसा नाही. आडोसा आला की त्यामागे मारहाण आली, असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एक कोठडी तेवढी बंद. बाकी सगळं उघडं, वाऱ्याचं, उजेडाचं.

गावाला ओटी आवडली. बोर्लीच्या बाजाराहून परतणारे पुरुष तिथे टेकायचे, पान जुळवायचे, हवालदार दिनानाथची थट्टा करायचे. दिनानाथही मोकळा माणूस, उगाच कोणावर डाफरायचा नाही.

ठमी आली ती मागून.

पुरुष बसलेल्या ओटीवरून बाईमाणूस कोणाच्या घरात शिरत नाही. ते परड्यातून येतं, मागल्या दाराशी उभं राहून हलकेच खाकरतं, मग घरातली बाई बाहेर येते. ठमी भिंतीशी उभी राहिली. दार दिसेना, तरी खाकरली. चौकीत बाई असेल असं तिला का वाटलं, कोण जाणे. ऊन डोक्यावर येईतो ती तिथेच उभी होती, छातीशी हात घट्ट बांधून.

चौकीच्या मागेच यज्ञेश्वरचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको अनुसूया मागल्या पडवीत मुलीला पाजत बसली होती. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं आणि मग हाक मारली.

"कोण गं तू? कशाला उभी आहेस तिथे?"

ठमी कुंपणाशी आली. तिची नजर अनुसूयेच्या पदराखाली हलणाऱ्या चिमुकल्या पायाकडे गेली आणि तिथेच राहिली.

"वयनीबाय, पाय हलवतंय बघा. पोट भरत आलं का असंच करतात."

"तुझं केवढं आहे?"

"दात यायचेत अजून. कान्हा." मग एकदम तिचा आवाज फुटला. "माज्या थोरल्या दिरानं ठेवून घेतलाय. मालक मुंबईला गोदीत वारले. दीर म्हंतो, तू माहेरी जा, पोर आमच्या घराचा हाय. मला मागल्या दारानं भायेर काढली नि कडी घातली. हवालदाराला इकडं बोलवा ना जरा. तेवढा पोर आणून द्या म्हनावं. बाकी मला काय नको त्यांचं."

अनुसूया मुलीला खांद्यावर टाकून घरात गेली. यज्ञेश्वर जेवून उठत होता.

"अहो, हवालदारांना जरा मागच्या बाजूला बोलवाल? एक बाई आली आहे."

"मागे कशाला? पुढे ओटी बांधली आहे ना?"

"ती लाजते हो."

"हेच! हेच मोडायचं आहे आपल्याला." तो खरोखरच उत्साहानं बोलत होता. "आज तिच्यासाठी हवालदार मागे गेला की उद्या सगळ्या बायका मागेच उभ्या राहतील. जन्मभर. तिला म्हणावं, ताठ मानेनं पुढून ये. तिच्यासारखीसाठीच तर केलं सगळं."

अनुसूयेला ते पटलं. तिनं बाहेर येऊन ठमीच्या पाठीवरून हात फिरवला. "पुढून जा. चांगली माणसं आहेत. कोणी काही करणार नाही तुला."

कोणी काही केलंही नाही. ठमी पायऱ्या चढली तशी बाकावरची माणसं सरकून बसली. दिनानाथनं स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला. ती बाकावर न बसता खांबाशी जमिनीवर बसली आणि पदर तोंडावर ओढून तुटक तुटक सगळं सांगून मोकळी झाली.

"असं होय," दिनानाथ म्हणाला. "मग दोघांना समोरासमोर बसवू. तुझा दीर भागोजी, त्यालाही आपली बाजू सांगू दे. इथं लपूनछपून काही नाही."

शिपाई जाऊन भागोजीला घेऊन आला. भागोजी धुतलेला सदरा घालूनच आला, मागून त्याची बायको रंगू, आणि रंगूच्या कडेवर कान्हा. लोकांना रामराम करत भागोजी बाकावर मधोमध बसला.

ठमी तत्क्षणी उठून खांबाआड झाली.

लग्न होऊन आल्यापासून ती या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती. थोरल्या दिराशी बोलत नसतात. त्याला जेवायला वाढलंय हे सांगायचं तरी ती घरातल्या खांबाला सांगायची, "खांबा, ताट वाढलंय." घरात त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

"हं, बोल बाय," दिनानाथ म्हणाला. "मघाशी सांगितलंस ते यांच्यासमोर सांग. म्हणजे मला लिहून घेता येईल."

ठमीनं पदर आणखी पुढे ओढला.

"साहेब," भागोजी गोड आवाजात म्हणाला, "हिनं आपनच पोर टाकलं नि माहेरी गेली. मी खोटं बोलत असंन तर माज्या तोंडावर सांगू दे. मी कवाचा बसलोय." आणि त्यानं ठमीकडे सरळ पाहिलं. ती सांगू शकणार नाही हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बोल ना गो ठमे," रंगू म्हणाली. "साहेब वाट बघतान."

ठमीनं खांबावर कपाळ टेकलं. "खांबा, यांना सांग... मी न्हाय टाकला. मला भायेर काढली. खांबा, सांग यांना, माजा पोर..."

बाकावरचा एकजण फिसकन हसला. मग दुसरा.

"हवालदार, खांबाचा जबाब घ्या!"

"अंगठा कुठं उमटवंल पण?"

दिनानाथलाही हसू आलं. त्यानं ते मिशीत दाबलं. "बाय, खांबाला सांगितलेलं मला धरता येत नाही. नीट त्यांच्याकडे बघून बोल."

हसण्याच्या आवाजानं कान्हा दचकला आणि रडू लागला. आईला पाहिलं तसा तर तो रंगूच्या कडेवरून ओढच घेऊ लागला. ते रडणं कानावर पडताच ठमीच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. तिनं पदर घेतला, पण पदरही भिजला. पुरुषांनी माना वळवल्या, काहींनी उशिरा वळवल्या.

"द्या हो तिला," दिनानाथ ओशाळून म्हणाला. "पाजू दे आधी."

"पाजू दे की," भागोजी म्हणाला. "आमी कवा न्हाय म्हनलं? पन हितंच, तुमच्या देखत. पोर घेऊन पळाली तर कोन जबाबदार?"

ठमीनं ओटीभर नजर फिरवली. चहूकडे माणसं, उजेड, वारा. ती पुटपुटली, "आडोसा..."

आडोसा एकच होता. दिनानाथनं किल्ली काढली आणि कोठडी उघडून दिली. "बस आत. कोणी यायचं नाही."

कोठडीत नव्या चुन्याचा वास होता. ठमी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. कान्हानं अधाशासारखं तोंड लावलं, ठसकला, पुन्हा लावलं. तिनं त्याच्या टाळूवर फुंकर घातली. कुणीतरी त्याच्या डोळ्यांत काजळ घातलं होतं, ते रडून गालांवर आलं होतं. ते तिनं पदराच्या टोकानं अलगद पुसलं. कानामागे मळ राहिला होता, तोही पुसला. थोड्या वेळानं तो पाय हलवू लागला. तिच्या अंगठ्याला मूठ घालून तो झोपला, आणि ओठ तेवढे मधून मधून चोखत राहिले.

बाहेरून रंगूचा आवाज आला, "झालं काय गो? दे हिकडं."

"साहेब," ठमी आतून म्हणाली. भागोजी दिसत नव्हता, म्हणून तिचा आवाज स्वच्छ निघाला. "दाराला कुलूप लावा."

"काय?"

"लावा कुलूप. मी हितंच राहते पोराला घेऊन."

यज्ञेश्वर नुकताच ओटीवर आला होता. तो दाराशी वाकला आणि समजावून सांगू लागला, "बाई, गुन्हा केल्याशिवाय कोणाला कोठडीत ठेवता येत नाही. कायदा आहे. तुझ्याच भल्याचा आहे."

दिनानाथ म्हणाला, "आणि मूल कोणाकडे राहावं हे चौकी ठरवत नाही. तालुक्याला कोर्टात जा. तोवर जिथं आहे तिथं राहू दे."

भागोजीनं दारातून हात आत घातला. कान्हाचं मनगट त्याच्या हातात आलं आणि तो झोपेतून किंचाळला. ठमीनं भागोजीच्या हाताचा चावा घेतला. सोडलाच नाही. शिपायानं तिचे केस धरून मागे ओढलं तेव्हा भागोजीचा हात रक्तानं माखला होता.

बाकावरची सगळी माणसं उठून उभी राहिली होती. साक्षीदारांना तोटा नव्हता.

"हा मात्र गुन्हा झाला," दिनानाथ दुःखानं म्हणाला. "आता ठेवावीच लागेल."

ठमीच्या दातांवर रक्त होतं. ती हसल्यासारखी झाली. "लावा कुलूप," आणि ती कान्हाला पोटाशी घेऊन मागे सरकली.

दिनानाथ रंगूकडे वळला. "अंगावर पिणारं पोर आईबरोबर ठेवता येतं. हा वरच्या दुधावर राहतो का?"

रंगूनं एकदा नवऱ्याच्या रक्ताळलेल्या हाताकडे पाहिलं. "राहतो की. शेळीच्या दुधाला कसा चटावलाय! मघाशी रडला तो माणसं बघून."

"मग तान्ह्याला कोठडीत कशाला?" यज्ञेश्वर कळवळून म्हणाला. "डास आहेत आत."

ठमीची बोटं एकेक करून सोडवावी लागली. शिपायाला ते जमेना, तेव्हा रंगूच आत गेली, कारण बाईच्या अंगाला बाईनंच हात लावावा असं दिनानाथचं म्हणणं पडलं. कान्हा बाहेर आला. कुलूप लागलं.

रंगू त्याला घेऊन सुपारीच्या वाडीकडच्या वाटेनं निघाली. त्याचं रडणं वाडीतून येत राहिलं, मग बारीक झालं, मग माडांच्या सळसळीत वेगळं ऐकू येईना. ठमी कोठडीच्या दाराशी आली आणि गजांना छाती टेकून उभी राहिली. दुधाची धार गजावरून खाली उतरत होती.

दिनानाथनं माणसांना बाकावर बसायला सांगितलं, साक्षी लिहून घ्यायला टेबल ओढलं. मग त्याला आठवण झाली, तसा तो अगदी मनापासून आत वळून म्हणाला, "बाय, चहा सांगतोय सगळ्यांना. तुलाही सांगू ना?"