मुळीचं नाव

खतिजाचाचींना उलट्या सुरू झाल्या तेव्हा आमच्या आरोग्यधामात मौनाची वेळ चालली होती. सकाळी कुणी बोलायचं नाही, हा माझ्या नवऱ्याचा, शिवकुमारचा नियम. गगनबावड्याच्या या डोंगरात पुण्या-बेंगळुरूची माणसं येतात, फोन आमच्या कपाटात ठेवतात, शेणानं सारवलेल्या खोपीत झोपतात आणि वर त्याचे पैसे देतात. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. पण ही माणसं खोपीसाठी येत नव्हती. ती यायची माझ्या सासऱ्यांसाठी, बसलिंगाप्पा अण्णांसाठी. गुडघेदुखीवर त्यांच्या घराण्याची एक मुळी आहे. ती सहाणेवर उगाळायची आणि अनशापोटी घ्यायची.

खतिजाचाची मात्र पैसेवाल्या पावण्यांतल्या नव्हेत. त्या जयसिंगपूरच्या. त्यांचे वडील अण्णांच्या वडिलांकडून औषध न्यायचे. थंडी पडली की त्या लेकीला, आफशीनला घेऊन यायच्या आणि येताना आमच्यासाठी काही ना काही शिवून आणायच्या. त्यामुळे नवी मुळी निघाली की पहिली मात्रा त्यांना, असा मान होता. त्या दिवशीही सगळे पावणे ओळीनं बसले होते आणि अण्णांनी स्वतःच्या हातानं वाटी दिली ती चाचींना. बाकीच्यांची मात्रा दुसऱ्या दिवसापासून होती.

उन्हं वर येईपर्यंत चाची अंथरुणात गळून पडल्या होत्या. उलट्या थांबेनात, जुलाब थांबेनात, हातपाय गार पडले. शिवकुमारनं गाडी काढली आणि मायलेकींना घेऊन कोल्हापूर गाठलं. मौन केव्हाच मोडलं होतं. पावणे कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजत होते आणि माझ्याकडे नजर चुकवून बघत होते.

दुपारी आफशीनचा फोन आला. ती शाळेत शिकवते, एरवी तोलूनमापून बोलते. आता ती एका दमात बोलत सुटली. डॉक्टर म्हणत होते, रक्तदाब सावरत नाही, काय पोटात गेलंय ते कळल्याशिवाय आम्ही अंधारात चाचपडतोय. मी धीर द्यायला गेले तर तिनं मला मध्येच तोडलं.

"वैनी, दुसरं काय मागत न्हाय. त्या मुळीचं नाव तेवढं सांगा."

नाव मला माहीत नव्हतं. शिवकुमारलाही नव्हतं. आमच्याकडची रीतच तशी. अण्णा आदल्या संध्याकाळी रानात जाऊन त्या झाडाला हळदतांदूळ वाहतात, उद्या येतो म्हणून आमंत्रण देतात. पहाटे जाऊन तोंडातून शब्द न काढता मुळी खणतात. सोबत कुणी जायचं नाही. नाव बापानं लेकाच्या कानात सांगायचं, तेही शेवटच्या आजारपणात. मोठ्यानं उच्चारलं की औषधाचा गुण जातो. शिवकुमारनं हे सगळं आमच्या वेबसाइटवर छान रंगवून लिहिलं आहे. लोकांना ते फार आवडतं.

अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात पाटावर बसले होते. मी जाऊन सांगितलं की डॉक्टर नाव विचारतायत. ते म्हणाले, आज्यापासून या मुळीनं कुणाला काही झालेलं नाही, चाचींनी दुसरं काहीतरी खाल्लं असणार. मी म्हटलं, माझ्या कानात सांगा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हटलं, डॉक्टरच्या कानात सांगा, पावण्यांना मी बाहेर पाठवते. पुन्हा मान हलली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक बाई तिकडे जिवाशी झगडतेय आणि हा माणूस रीत कवटाळून बसलाय.

तेवढ्यात शिवकुमारचा फोन. तो रडत होता. चाचींची लघवी बंद झाली होती, डॉक्टरांना आता मूत्रपिंडाची काळजी होती. मी फोन स्पीकरवर टाकून अण्णांसमोर धरला. शिवकुमार म्हणाला, अण्णा, औषध गेलं तर जाऊ दे, आरोग्यधाम बंद पडू दे, नाव सांगा.

अण्णांचा आवाज म्हणजे या डोंगरातून त्या डोंगरात जाणारा. पटलं नाही तर समोरच्याला झोडपून काढणारा माणूस. त्या दिवशी ते लेकावर ओरडले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण ते फोनपासून मागे सरकत भिंतीला जाऊन टेकले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा हट्ट नव्हे. हे भ्यालेत.

"नाव ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "उरलेली मुळी द्या. ती पाठवते."

"खोलीत हाय. पाटीत. घे जा."

त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाटी खिडकीखालीच होती, ओली माती लागलेल्या मुळ्यांनी भरलेली. मी मूठभर उजेडात घेतल्या. मुळ्या दोन जातींच्या होत्या. काही सरळ, काळपट. काही फिकट, मध्येच वाकलेल्या, नांगरासारख्या. माझं माहेर मलकापूरजवळ. तिथे बांधाबांधावर विषारी कळलावी उगवते आणि तिची गड्डी नुसती हाताला लागली तरी आई आमचे हात घासून घासून धुवायची. या गड्ड्या कळलावीच्या होत्या. ज्या माणसानं उभा जन्म रानात काढला त्यानं त्या घरात आणल्या, आपल्या सहाणेवर उगाळल्या आणि खतिजाचाचींना पाजल्या.

मी गड्ड्या पदरात बांधल्या आणि सोप्यात आले. काय विचार केला मला आठवत नाही. मी अण्णांच्या तोंडासमोर रिकामा तळहात धरला.

"अण्णा, हीच का मुळी?"

ते पुढे वाकले. नेहमी निरखायचे तसे डोळे बारीक करून निरखलं. मग मान डोलावली.

"हीच."

सोप्यात चारपाच पावणे उभे होते. त्यांतल्या एका बाईनं तोंडावर हात घेतला.

"अण्णा," मी म्हटलं, "माझ्या हातात काय न्हाय."

अण्णांनी माझा हात चाचपला. रिकामा आहे हे कळल्यावर त्यांनी तो सोडला नाही. हळू आवाजात बोलले. गेल्या पावसाळ्यापासून समोर सगळं पांढरं दिसत होतं. ओल्या दिवसांत पान हातात घेऊन झाड ओळखता यायचं. आता पानं वाळून गेली, देठं तेवढी उरली. सोबत कुणी नसायचं, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत?

"सांगून काय? तुमचं हे समदं माझ्या नजरंवर चाललंय."

मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मी डॉक्टरांना फोन लावला, कळलावीचं नाव सांगितलं, फोटो पाठवला. मग अण्णांनी माझ्या हातून फोन मागून घेतला आणि सगळ्यांदेखत बोलले.

"आमची मुळी म्हंजे काळी मुसळी. पण आज मी काय उगाळलं ते मला ठावं न्हाय. मला दिसत न्हाय."

काळी मुसळी. कोल्हापुरात काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत बांधून मिळते. एवढ्या नावासाठी दुपार गेली होती.

चाची वाचल्या. डॉक्टर म्हणाले, या विषावर उतारा असा नाही, पण पुढे काय काय बिघडणार ते कळलं म्हणून आधीच सावध राहता आलं. त्यांना डायलिसिसवर ठेवावं लागलं. घरी सोडलं त्याच सुमाराला त्यांचे केस झडायला लागले, मुठी मुठींनी. शिवकुमारनं आरोग्यधामाच्या फाटकाला कुलूप घातलं.

अण्णा हटून बसले की मला जयसिंगपूरला न्या. आफशीननं दार उघडलं, पण या म्हणाली नाही. चाची कॉटवर होत्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. अण्णा हात जोडून उभे राहिले. चाचीच आधी बोलल्या.

"अण्णा, मला ठावं हुतं. वाटी देताना तुमी भलतीकडंच हात केलासा. मी सरकून घेतली."

आफशीन आईकडे बघतच राहिली. "ठावं हुतं तर पिलीस कशाला?"

"पयली मात्रा मला दिली हुती. चार लोकांत त्यांचा हात मागं कसा सारायचा?"

मला संताप आला. अण्णांचा आला, चाचींचाही आला. एकानं आपला मान सांभाळला, दुसरीनं त्याचा, आणि जीव जायची वेळ आली तरी दोघं एकमेकांशी खरं बोलली नाहीत. मी तसं तोंडावर म्हटलं.

अण्णांनी विचारलं, आता तब्येत कशी आहे. चाचींनी पदर मागे सारला, अण्णांचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. तिथे एकही केस उरला नव्हता. अण्णांची बोटं कपाळापासून मागे मानेपर्यंत गेली, परत पुढे आली आणि पुन्हा मागे गेली.