चार विहिरींचं पाणी

सकाळपासून रघुवीर सरांनी तीनदा चहा पाठवला, तेव्हाच पंचशीलाला शंका आली. नऊ वर्षांत लॅबच्या मालकाने कुणाला पाणीही विचारलं नव्हतं.

"पंचशीला, चारच्या आत रिपोर्टवर सही कर. उद्या सुनावणी आहे."

दोन महिन्यांपूर्वी बेटम्याजवळ एका रंगाच्या कारखान्याचा सांडपाण्याचा हौद फुटला आणि घाण जवळच्या गावच्या चार विहिरींत उतरली. तेव्हापासून गाव कंपनीच्या टँकरवर होतं. सुनावणीत विहिरींच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला की टँकर बंद होणार आणि लोक पुन्हा विहिरीचं पाणी पिणार.

रिपोर्ट चांगलाच आला होता. कंपनीने सांगितलेल्या पाचही तपासण्यांत काही सापडलं नाही. पण पंचशीलाने सवयीने पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षारही मोजले. चारही बाटल्यांत बावीस. बेटम्याला तिची आत्या राहते; तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनीही शिजत नाही. त्या भागातलं चारशेच्या खालचं पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं.

साडेतीनला कंपनीचा मुकुल रिपोर्ट न्यायला आला.

"नमुने तुम्हीच घेतले?"

"एकदम, मॅडमजी. बादली मीच सोडली विहिरीत."

"बसा. उन्हातून आलात." तिने उरलेल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून दिलं. अर्धा पेला संपल्यावर म्हणाली, "चौथ्या विहिरीचं आहे हे."

दुसरा कोणी असता तर थुंकला असता. रिपोर्ट तर मुकुलने अजून पाहिलाही नव्हता. तो हसला. "अरे, फिर तो बढ़िया!" आणि उरलेलंही पिऊन टाकलं.

"चव ओळखीची आहे ना? ऑफिसच्या फिल्टरच्या जारची?"

मुकुलने पेला खाली ठेवला.

पंचशीलाने शेरा लिहिला: चारही नमुन्यांचा जडपणा बावीस, विहिरीच्या पाण्याशी जुळत नाही, नमुने लॅबने घेतलेले नाहीत. खाली सही केली.

रघुवीर सरांनी मागून वाचलं. "कंपनीने विचारलं नाही ते कशाला लिहायचं? हे पान बदल."

"बदला, सर. त्यावर माझी सही नसेल."

सहीचा अधिकार लॅबमध्ये तिच्या एकटीकडे होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी.

दारापाशी मुकुल फोनवर दबक्या आवाजात विचारत होता, "भिया, त्या गावातल्या विहिरी नेमक्या आहेत कुठे?"