विहिरीतला पोपटी रंग

पोस्टमननं खोकं दारात ठेवलं आणि देवकी परातेंची सही मागितली, तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे बाबनरावांना, वाटलं की नातीचं काही असेल. काजल बारावीला होती, तिची पुस्तकं सारखी येत. पण देवकीनं पदराला हात पुसून स्वतःच सही केली आणि खोकं उचलून आत नेलं. आत तेरा पुस्तकं होती. एम.एस्सी., पर्यावरणशास्त्र, घरी बसून करायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम.

देवकी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. उमरेडच्या कॉलेजातून ती बी.एस्सी. झाली त्याला बावीस वर्षं झाली होती. लग्न करून नंदनवन भागातल्या या गल्लीत आली आणि पदवीचा कागद लोखंडी पेटीत साड्यांखाली गेला. काजलचा कॉलेजचा फॉर्म भरताना कॉम्प्युटरवर या कोर्सची जाहिरात दिसली. पोरीनं सहज म्हणून आईचं नाव टाकून पाहिलं, आणि देवकीनं तो फॉर्म खरंच भरला. नवरा भूपेश कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होता. तो म्हणाला, तुले जमते तं कर. नणंद पुष्पलता मात्र फोनवर पोट धरून हसली आणि या वयात झाडं मोजून काय मिळणार, असं विचारून मोकळी झाली.

सकाळी भूपेशची कोराडीची बस गेली, काजल कॉलेजला गेली, की देवकी शिलाई मशीनचं झाकण लावून त्यावर पुस्तक मांडायची. दर दुसऱ्या रविवारी प्रताप नगरजवळच्या एका कॉलेजात अभ्यास केंद्र भरे. तिथे दामिनी मॅडम शिकवत. वर्गात बाकीची सगळी मुलं पंचविशीच्या आतली. पहिले दोन महिने देवकी शेवटच्या बाकावर बसून नुसती लिहून घेत राहिली.

पहिल्या वर्षी संख्याशास्त्राच्या पेपरात ती नापास झाली. कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी चहात साखर नव्हती आणि बाबनरावांनी तो न बोलता प्यायला. मग विचारलं, "काहून वं, काय झालं?"

तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. उभं आयुष्य त्यांनी सूत रंगवलं होतं. घरातले हातमाग बंद पडून वीस वर्षं झाली, बायको गेल्यापासून तर ते बोलायचेही कमीच. पण तेव्हा बोलले.

"लडी बिघडली तं पुन्हा बुडवाची. आम्ही काय सूत फेकून देत होतो का?"

देवकीनं तो पेपर पुन्हा दिला आणि सुटली. त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. ती वाचायला बसली की सासरे खुर्ची ओढून जवळ येत. पाण्याच्या जडपणाचा धडा आला तेव्हा तर त्यांनीच तिला शिकवलं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, रंगही सुताला नीट धरत नाही. म्हणून त्यांच्या वडिलांनी सगळ्या विहिरींचं पाणी तपासून गल्लीतल्या विहिरीजवळ घर घेतलं होतं. पुस्तकात जे चार पानांत लिहिलं होतं, ते म्हाताऱ्याला तळहातासारखं ठाऊक होतं.

ती विहीर अजून होती. वर लोखंडी जाळी, जाळीला लहानसं दार. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आलं की अर्धी गल्ली तिच्यावर चाले. पण गेल्या वर्षापासून पाण्याला वास येऊ लागला, दोन घरांतली पोरं जुलाबानं दवाखान्यात ठेवावी लागली. मग समोरच्या नव्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी रविंद्रभाऊ यांनी पुढाकार घेतला. विहीर जुनी झाली, सडली, ती बुजवावी आणि तिथे गाड्या लावायला जागा करावी, असा अर्ज त्यांनी लिहिला. गल्लीतल्या बऱ्याच लोकांनी सह्याही केल्या. पोरं आजारी पडल्यावर कोणीही केली असती.

अर्ज देवकीच्या दारात आला तेव्हा तिनं सही केली नाही. तिनं महिनाभराची मुदत मागितली. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प तिला करायचाच होता, आणि विषय दारात उभा होता.

मैल्याचे जंतू असले तर पाणी काळं करणारं औषध घातलेल्या, तपासणीच्या लहान बाटल्या दामिनी मॅडमनी दिल्या. त्यांत विहिरीचं पाणी भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ते डांबरासारखं काळं झालं. म्हणजे पाण्यात मैला मिसळत होता. देवकीनं विहिरीभोवती पावलं मोजली, जमिनीचा उतार काढला, आजूबाजूच्या नाल्या कागदावर उतरवल्या. उताराच्या वरच्या अंगाला तीस पावलांवर एकच गोष्ट होती, अपार्टमेंटची सेप्टिक टाकी. पण अंदाज आणि पुरावा यांत फरक असतो, हे तिला दोन वर्षांत पक्कं कळलं होतं.

मॅडम म्हणाल्या, टाकीत रंग सोडून पाहा. पाण्याचा माग काढायला वापरतात तो, माणसाला अपाय न करणारा. बाबनरावांनी लगेच माळ्यावरचा जुना रंगाचा डबा काढायची तयारी दाखवली. तिनं त्यांना समजावलं की तो रंग विषारी आहे, विहिरीत जाऊ देता येणार नाही. ते थोडे हिरमुसले, पण ऐकलं.

मग तिनं गल्लीची बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर रविंद्रभाऊंना परवानगी मागितली. ते हसले.

"टाका ना वहिनी. आमची टाकी सिमेंटची आहे, काही निघणार नाही. पण नाही निघालं तर सही करून द्याल?"

"देईन," देवकी म्हणाली. "पण माझी एक अट आहे. विहिरीच्या दाराला कुलूप लागेल आणि चावी तुमच्यापाशी राहील. रोज सकाळी आठला तुम्हीच उघडायचं, तुम्हीच बादली सोडायची."

रविंद्रभाऊंना यात नुकसान दिसलं नाही. सोमवारी दामिनी मॅडम स्वतः सीलबंद पुडी घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या देखत ती टाकीत रिकामी केली.

मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. गुरुवारी बादलीभोवती दहा-बारा माणसं होती, शुक्रवारी चारच उरली. पुष्पलतेचा फोन येऊन गेला, लोक काय म्हणतात ते तिनं सांगितलं. देवकी वरवर शांत होती, पण जेवण जात नव्हतं. आपला उताराचा हिशोब चुकला असेल, पावलं चुकली असतील, असं तिच्या मनात सारखं येत होतं. एकदा वाटलं, सही करून टाकावी आणि दुसरा विषय घ्यावा. तरी तिनं वहीत चारही दिवस लिहिलं, 'रंग आढळला नाही.' जे दिसलं तेच लिहायचं होतं.

शनिवारी सकाळी रविंद्रभाऊंनी बादली वर ओढली, आत डोकावले आणि नेहमीसारखी मान हलवली. देवकीलाही पाणी साधंच दिसलं. बाबनराव म्हणाले, थांबा गा. त्यांनी देवकीला घरातला चिनी मातीचा पांढरा वाडगा आणायला लावला. त्यात पाणी ओतलं, उन्हाकडे पाठ करून उकिडवे बसले आणि डोळे बारीक करून पाहत राहिले.

"पोपटी झाक आहे," ते म्हणाले.

कोणाला काही दिसेना. काजल वाकली, भूपेश वाकला. देवकीनं शेजारी दुसरा वाडगा ठेवला, त्यात सोमवारी रंग सोडण्याआधी भरून ठेवलेलं पाणी ओतलं. आता दोन्ही शेजारी शेजारी आले आणि फरक दिसला. एक पांढरं, दुसऱ्यात कोवळ्या पानाच्या रंगाची अंधुक सावली. रविवारी ती नुसती सावली राहिली नाही. बादली वर आली ती लख्ख पोपटी. उन्हात पाणी चमकत होतं, आणि गल्लीतली सगळी माणसं जाळीला रेलून खाली पाहत होती.

रविंद्रभाऊंचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, कोणी वरून रंग टाकला असेल.

देवकीनं आवाज चढवला नाही. "चावी तुमच्यापाशी होती, भाऊ. कुलूप तुम्हीच उघडलं."

रविंद्रभाऊंनी खिशातून चावी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी टाकी उपसून घेतली. तळाला बोट जाईल एवढी रुंद चीर निघाली. ती त्यांनी स्वतः येऊन देवकीला दाखवली आणि बुजवण्याचा अर्ज फाडला. नवी टाकी झाली, विहीर दोनदा उपसली, औषध टाकलं. देवकी दर पंधरवड्याला बाटली भरून ठेवत होती. पहिल्या तीन काळ्या झाल्या, चौथी करडी, पाचवी जशीच्या तशी राहिली. ती बाटली बाबनरावांनी तीन दिवस खिडकीत ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा अहवाल चाळला आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं. पाचव्या दिवशी रंग इतका कमी असताना तो डोळ्यांनी ओळखला कोणी, आणि त्या निरीक्षकाची पात्रता काय, असं त्यांनी विचारलं. मागे बसलेली मुलं देवकीकडे पाहू लागली.

"माझे सासरे आहेत, सर," ती म्हणाली. "सातवी शिकलेत. पन्नास वर्षं सूत रंगवलं त्यांनी. दोन लड्यांतला फरक ओळखण्यावरच आमचं घर चाललं."

परीक्षकांनी चष्मा काढला. मग त्यांनी पुढचा अर्धा तास प्रश्न विचारले ते परीक्षेचे कमी आणि कुतूहलाचे जास्त, आणि देवकी एकाही उत्तराला अडखळली नाही. शेवटच्या बाकावर बसून नुसतं लिहून घेणारी बाई त्या खोलीत कुठेच उरली नव्हती.

निकाल जूनमध्ये मोबाईलवर लागला. केंद्रात पहिली. काजलनं तो मोठ्यानं वाचला, मग पुन्हा वाचला, कारण बाबनरावांना एकदा ऐकून समाधान झालं नाही. पुष्पलता पेढे घेऊन स्वतः आली, आणि घराच्या मागची बोअरवेलही जरा पाहून दे म्हणाली. देवकी हसली आणि कधी येऊ ते विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आलं तेव्हा गल्लीतल्या बायका सकाळीच विहिरीवर जमल्या. बादलीचा कर्रकर्र आवाज घरात येत होता. देवकी दोन नव्या बाटल्या पिशवीत टाकून बाहेर पडली. पलीकडच्या वस्तीतली माणसं तिला न्यायला आली होती. त्यांच्या विहिरीलाही वास येत होता. बाबनराव आधीच चप्पल घालून, पांढरा वाडगा काखेत धरून दारात उभे होते.