सतरा नंबरच्या चाळीस चुका

संगणकाला शिकवायला शिकवणं हा प्राध्यापकबाईंचा विषय. त्यांची बढती शुक्रवारी ठरायची होती आणि तिचा सगळा भार एकाच शोधनिबंधावर होता: ‘शिकणारा कुठे अडला हे ओळखणारा अपूर्णांकांचा पाठ’. पाठाची चाचणी वाचनालयातल्या प्रौढ वर्गात झाली होती. साठ माणसं, प्रत्येकाला चाळीस प्रश्न. निकाल झकास लागला. फक्त सतरा नंबरची चाळीसच्या चाळीस उत्तरं चुकली होती.

“खड्यासारखा उचला आणि फेकून द्या,” विभागप्रमुख म्हणाले. “साठात एखादा ढ निघायचाच.”

पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळू लागला. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं, तरी दहाएक उत्तरं बरोबर यावीत. इतकं बिनचूक चुकायचं, तर सगळी बरोबर उत्तरं ठाऊक हवीत! असा ढ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि त्या तर विद्यापीठात नोकरीला होत्या.

गुरुवारी त्यांनी वाचनालय गाठलं. सतरा नंबर म्हणजे खिडकीशी बसलेल्या एक आजी निघाल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका.

“तुम्ही मुद्दाम चुकलात?”

“मग काय! पस्तीस वर्षं ढ पोरांत काढली मी. म्हटलं, तुझं यंत्र त्यांच्याशी कसं बोलतं ते बघावं. चाळीस वेळा म्हणालं, ‘छान प्रयत्न! पुन्हा करून बघा.’ अगं, माझा नवरासुद्धा इतकं गोड कधी बोलला नाही. पण मी कुठे अडले, ते काही मेल्याला कळलं नाही.”

प्राध्यापकबाईंचा चेहरा उतरला. शोधनिबंध मथळ्यापासूनच खोटा ठरला होता. पण त्यांचं कुतूहल अब्रूपेक्षा दांडगं.

“मग तुम्ही काय करायचात?”

“चूक की तू. बघू.”

बाईंनी कागदावर बेरीज मांडली: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, बरोबर दोन पंचमांश.

आजी ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. ‘छान’ तर नाहीच नाही. टेबलावरचा अर्धा भरलेला पेला त्यांनी पुढे सरकवला. “हा अर्धा. यात आणखी ओतलं, आणि पाणी कमी झालं?”

बाई पेल्याकडे बघतच राहिल्या. दोन पंचमांश अर्ध्याहून कमी असतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, दिसलं आज.

त्यांनी तिथूनच विभागप्रमुखांना फोन लावला. “सर, मी अर्ज मागे घेते.”

“वेड लागलंय का? पुढची संधी तीन वर्षांनी!”

“तीन वर्षं पुरतात का ते विचारून सांगते,” म्हणत बाईंनी फोन ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि आजींना विचारलं, “आता भागाकारात चुकू?”