एका नाकाच्या पंधरा राण्या

लिनहार्ट क्रेप्सच्या हातात जादू होती, पण तोंडाला कुलूप. ऑग्सबुर्ग शहरात वालपुर्गाबाईंच्या दुकानात तो लाकडावर कोरीव काम करायचा. बाईंचा नवरा, उस्ताद मार्क्स, वारल्याला वर्ष होत आलं होतं. कारागिरांच्या संघाचा नियम कडक होता: विधवेने वर्षभर दुकान चालवावं, तोवर तिथे नवा उस्ताद उभा राहिला नाही तर कुलूप लावावं. मुदत संत मिखाएलाच्या सणाला संपत होती.

बाईंशी लग्न करावं हे लिनहार्टच्या मनात केव्हाचं होतं. पण गल्ली म्हणेल, याने बाईशी नाही, दुकानाशी लग्न लावलं. म्हणून आधी स्वतःच्या जोरावर उस्ताद व्हायचं आणि मग विचारायचं, असा त्याने बेत केला. या बेतापायी आठ महिने त्याने चकार शब्द काढला नाही.

उस्ताद होण्याच्या परीक्षेसाठी त्याने पटाच्या तीस सोंगट्या कोरल्या. तळहातात मावणाऱ्या गोल चकत्या, प्रत्येकीवर एक चेहरा. फिकट नासपतीच्या लाकडात पंधरा रोमन बादशहा आणि काळपट अक्रोडात पंधरा नामांकित स्त्रिया. काम त्याच्याच हातचं आहे अशी शपथ घ्यायला बाईही संघाच्या पंचांपुढे आल्या होत्या.

थोरले पंच सिक्स्ट ब्रेनर यांनी चष्मा लावला. बादशहा बघून ते खूश झाले. नीरोच्या मानेवरच्या वळ्या तर त्यांनी बोट फिरवून पाहिल्या. मग त्यांनी हेलेन उचलली, जूडिथ उचलली, क्लिओपात्रा उचलली. चौथीला त्यांनी मान वर करून वालपुर्गाबाईंकडे पाहिलं. नाकाला मधोमध तोच उंचवटा, आणि खालचा ओठ तसाच पुढे, कुणाच्या तरी रश्श्यात मीठ कमी पडल्यासारखा.

"लिनहार्ट," ते म्हणाले, "ही शेबाची राणी परवा बाजारात माझ्याशी कोबीवरून भांडली."

धाकटे पंच कास्पार यांनी उरलेल्या अकरा जणी उलटसुलट करून पाहिल्या आणि घरी एकीपुढेच आपला डाव चालत नाही, इथे तर पंधरा आहेत, असं सांगून टाकलं. लिनहार्टने वाकून बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. देवाशप्पथ, त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. दर वेळी तो निराळी बाई कोरायला बसायचा, पण हात आपला ओळखीच्या वाटेने जायचा.

पंचांनी निकाल दिला: बादशहा उत्तम, राण्या नापास. मात्र ब्रेनर मनाने वाईट नव्हते. उस्तादाच्या विधवेशी लग्न करणाऱ्याला अर्धंच काम पुरतं, असाही संघाचा एक नियम होता, त्याची त्यांनी आठवण करून दिली. अर्धं काम तर समोर मांडलेलं होतं.

लिनहार्टने नकारार्थी मान हलवली. अर्ध्या कामाचा उस्ताद आपल्याला व्हायचं नाही, राण्या पुन्हा कोरतो, असं तो पुटपुटला. म्हणजे आणखी चार महिने, आणि सण तीन आठवड्यांवर.

"म्हणजे दुकान गेलं तरी चालेल," वालपुर्गाबाई म्हणाल्या, "मी उघड्यावर आले तरी चालेल, पण लोकांनी तुला नावं ठेवलेली चालणार नाहीत. आठ महिने रोज सकाळी माझ्यासमोर बसून लापशी खातोस रे. एकदा तरी विचारायचंस."

लिनहार्टला रडू आवरेना. त्याने टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून बादशहांवरच ठेवली.

"आत्ता विचारतो," तो म्हणाला. "लग्न कराल माझ्याशी?"

"करीन," बाई म्हणाल्या. "आणि गल्लीला म्हणू दे काय म्हणायचं ते. त्या दुकानात चौदा वर्षं मी राबलेय. दुकानाशी लग्न लावलंस म्हणाले तरी ते माझ्याशीच."